एक माळ होईपर्यंत

मास्तर, काल अण्णांनी मला बोलावून घेतलं. तुमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर होतं, तेच अण्णा. भवानी पेठेत कुणाचं बरंवाईट झालं की बांबू कुठल्या वखारीतून आणायचे, पुढं मडकं कुणी धरायचं, सुतकात काय चालतं आणि काय चालत नाही, हे ज्यांना विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे, ते. आता त्यांच्या पायांवर सूज आहे आणि चार शब्द बोलले की दम लागतो. भिंतीला टेकून बसले होते. सुनेला बाहेर जायला सांगितलं आणि मला म्हणाले, "मास्तराच्या येळंला तू बसला हुतास न्हवं, तसा माझ्या येळंला बस. पोरं घाई करत्याली. मीच शिकीवल्यात त्यास्नी, मला ठावं हाय की." एवढं बोलून हसले आणि हसता हसता खोकल्यात गुंतले. मी येईन म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण घरी आल्यापासून मनाला थारा नाही. आज गिरणीला सुट्टी आहे. बायको तिच्या बहिणीकडे गेली आहे. अंगणात दुपारचं ऊन आहे, मागच्या आळीत कुणाचा तरी हातमाग चालू आहे, आणि मी तुम्हाला लिहायला बसलो आहे. मधेच धागा तुटतो, माग थांबतो, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत माझीही लेखणी थांबते. ही खोड मला तुमच्यापासून लागली.

बार्शीजवळच्या आपल्या गावात मारुतीच्या देवळाच्या पडवीत शाळा भरायची, तिथं तुम्ही मला शिकवलंत. पुढं सोलापूरच्या गिरणीत कापडखात्यात कारकुनाची जागा आहे हे तुम्हीच कळवलंत, म्हणून मी इथं आलो. नोकरी संपल्यावर तुम्हीही इथंच आलात, आक्कांकडे, तुमच्या विधवा बहिणीकडे. तुम्हाला मूलबाळ नव्हतं आणि काकू तर मी शाळेत असतानाच गेल्या होत्या. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की घरी जाण्याआधी मी तुमच्या ओट्यावर टेकायचो. तुम्ही पोथी मिटायचात आणि विचारायचात, "आज किती ताग्यांवर शिक्के मारलेस रे?" मी काही आकडा सांगितला की म्हणायचात, "एवढ्या कापडात आपलं अख्खं गाव गुंडाळता येईल." रोज तेच. माझ्या बापाशी मी इतकं कधी बोललो नाही. तो शेतातून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. म्हणून तुमच्याकडे बसलं की मला वाटायचं, दिवस कुणाच्या तरी हातात नीट देऊन आलो.

मग तो रविवार. मी शेपूची जुडी घेऊन आलो आहे, आक्का चुलीपुढं भाकरी थापताहेत, आणि तुम्ही स्वयंपाकघरातच पाटावर भिंतीला टेकून बसला आहात. शाळा तपासायला आलेल्या साहेबाची गोष्ट सांगताय. साहेबाचं घोडं ओढ्यात बसलं, ते काही केल्या उठेना, आणि साहेब काही घोड्यावरून उतरायला तयार होईना. "मग पाटील म्हणाला," एवढं बोलून तुम्ही थांबलात. मला वाटलं, आठवताय. मग तुमचा चेहरा पांढरा झाला. चुन्यासारखा नव्हे, विझलेल्या गोवरीसारखा. डोळे उघडेच, मान एका बाजूला, आणि तुम्ही हळूहळू भिंतीवरून घसरत खाली आलात. मी मनगट धरलं. मला नाडीपरीक्षा येते असं नाही, पण असलेली नाडी कुणालाही लागते. तिथं काहीच नव्हतं. आक्कांनी किंकाळी फोडली. परसदारातून अण्णा आले ते गंगेच्या पाण्याचा गडू हातात घेऊनच. कुणाच्याही घरात आधी त्यांचा गडू यायचा, मग ते. "पाट काडा आदी. भुईवर घ्या. पाय दक्षिणंला करा. आक्का, तुळस आणा, रडायचं मागनं." आम्ही सांगितलं तसं केलं. अण्णांनी तुमचे ओठ उघडून जिभेवर तुळशीचं पान ठेवलं, वर पाण्याचे थेंब सोडले. आणि तेवढ्यात तुमच्या गळ्यापासून लाली वर चढायला लागली. हनुवटी, गाल, कपाळ, सगळा चेहरा लाल, भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसासारखा. तुम्ही एक मोठा श्वास घेतलात, पान थुंकलंत आणि म्हणालात, "अगं, भाकरी करपली." मग माझ्याकडे वळून, "पाटील म्हणाला, साहेब, घोडं आणि सरकार, दोन्ही ढकलून हलत नाहीत." गोष्ट पुरी करून तुम्ही आमच्या तोंडांकडे पाहिलंत, आणि कुणी हसत कसं नाही याचं तुम्हाला नवल वाटलं.

संध्याकाळी ओट्यावर तुम्ही मला विचारलंत, काय झालं होतं. मी म्हणालो, काही नाही, जरा चक्कर आली. तुम्ही माझ्याकडे शाळेत पाहायचात तसं पाहिलंत. "खोटं बोलायला मी तुला शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडात तुळस होती. चकरेला तुळस ठेवतात होय?" माझी मान खाली गेली. "गेलो होतो ना?" मी हो म्हणालो. मग मला राहवलं नाही. लहानपणापासून मी देवाचं करत आलो, रोज आंघोळ झाल्यावर माळ ओढल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाही, आणि माझ्या ओळखीचं पहिलंच माणूस तिकडे जाऊन परत आलं होतं. मी विचारलं, "तिथं काही दिसलं का?" तुम्ही म्हणालात, "पाटी पुसली की काय दिसतं?" मी म्हणालो, काही नाही. "तेच," तुम्ही म्हणालात, आणि आवाज अगदी साधा, हजेरी घेतल्यासारखा. पण आतून आक्का आल्या आणि त्यांनीही तेच विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "उजेड होता थोडा. लांबवर कळस असल्यासारखं वाटलं." दुसऱ्या दिवशी आक्का सिद्धेश्वराला नारळ फोडून आल्या. मी तो प्रसाद खाल्ला. मास्तर, तो घास घशाखाली उतरताना मला जे वाटलं, ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

अण्णांनी आक्कांना एक सांगून ठेवलं होतं, "एकदा भुईला दिल्यालं माणूस परत बाजंवर घ्यायचं न्हाय. भुई रागावती." तेव्हापासून तुमचं अंथरूण खाली, घोंगडीवर. तुम्ही म्हणायचात, "भुईनं माझ्यावर रागवावं इतकी मी तिची जागा कधी अडवली नाही." पण बहिणीच्या समाधानासाठी खाली झोपत होतात. आणि तसे झटके येतच राहिले. कधी घास हातात असताना, कधी चप्पल घालताना. आक्का त्याला "दादा थांबले" म्हणायच्या. मग तुम्हाला आडवं पडलं की गुदमरायला लागलं, पाय सुजले, आणि मी डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टर आपल्या सोलापूरचेच, विणकराच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, मुंबईला शिकून आलेले. सायकल भिंतीला लावून आत आले आणि तुम्हाला जमिनीवर पाहून चिडले. "यांना श्वास घेता येत नाही आणि तुम्ही यांना ओल्या भुईवर झोपवलंय? कुणाची अक्कल?" अण्णा पुढं होऊन म्हणाले, "माजी." डॉक्टर म्हणाले, "मग त्यांना वर घ्यायला काय लागतं ते सांगा. नारळ?" "नारळानं भागत न्हाय डाक्टर." घरातली बाज आक्कांनी केव्हाच काढून टाकली होती, म्हणून माझी बाज मी हमालाच्या डोक्यावर देऊन घरून आणली. तोवर अण्णांनी विचार केला होता. त्यांनी शेण कालवलं, बाजेच्या चारी पायांना आणि चौकटीच्या लाकडांना लावलं, वर भुईची चिमूटभर माती टाकली आणि जाहीर केलं, "आता बाज म्हंजीच भुई. निजवा." डॉक्टर हसले, तुम्ही हसलात, आणि आक्का तर इतक्या दिवसांनी हसल्या की त्यांचं त्यांनाच ओशाळवाणं वाटलं.

उशांना टेकून बसवल्यावर डॉक्टरांनी तुमचं मनगट धरलं आणि मला म्हणाले, "यांच्या मानेकडे बघा." कानाखालून उतरणारी शीर थरथरत होती. "आता मनगट." मनगटातली नाडी सावकाश होती, इतकी सावकाश की दोन ठोक्यांच्या मधे मला भीती वाटायला जागा होती. मानेतलं थरथरणं मात्र लगबगीचं, आणि दोघांचा मेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, "गिरणीत आहात ना तुम्ही? शाफ्ट फिरतोय, पण पट्टा घसरतोय. हृदयाचा वरचा कप्पा हुकूम सोडतो, खालच्या कप्प्याला तो पोचत नाही. मग खालचा आपल्या अंदाजानं चालतो. आणि कधीकधी अंदाजही चुकतो." तुम्ही म्हणालात, "म्हणजे घंटा होतेय, पण पोरं वर्गात येत नाहीत." मी विचारलं, पट्टा बदलता येतो का. डॉक्टर पिशवी आवरत म्हणाले, "नाही. अजून तरी नाही." त्यानंतर त्यांनी बोटांनी तुमची छाती ठोकून पाहिली, इकडून, तिकडून, पुन्हा इकडून, आणि त्यांचा चेहरा बदलला. हृदयाभोवती एक पिशवी असते, तिच्यात पाणी साठलं होतं. तेच तुम्हाला गुदमरवत होतं. सुई घालून ते काढलं तर दम कमी होईल, पण असल्या हृदयाच्या इतक्या जवळ सुई न्यायची म्हणजे, असं म्हणून ते थांबले. तुम्ही म्हणालात, "न्या. नाहीतरी जायची-यायची वाट त्याला पाठ झालीय."

दवाखान्यातली ती लहान खोली मी कधी विसरत नाही. पांढऱ्या भिंती, खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन, आणि तुम्ही उघड्या अंगानं बसलेले, बरगड्या मोजता येतील असे. डॉक्टरांनी मला नाडी धरायला तुमच्या डाव्या हाताशी उभं केलं. "चालू आहे तोवर बोलू नका. थांबली की मोठ्यानं सांगा. लाजू नका." पोकळ सुई होती, मागं रबराची नळी, नळी काचेच्या भांड्यात. सुई आत गेली तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत. भांड्यात हरभऱ्याच्या कढणाच्या रंगाचं पाणी यायला लागलं, थेंब थेंब, मग धार. डॉक्टर म्हणाले, "छान." मनात मी प्रत्येक ठोक्याला एकेक रामनाम घेत होतो. आणि एकाएकी तुमची नाडी बावचळली. शाळा सुटल्यावर पोरं एकमेकांना ढकलत दारातून पळतात तसे चार-पाच ठोके आले, आणि मागं रिकामा वर्ग. मी ओरडलो, "थांबली!" डॉक्टरांनी सुई मागं ओढली. मुठीनं तुमच्या छातीवर ठोसा मारला. पुन्हा मारला. तुमचा चेहरा तसाच, विझलेल्या गोवरीचा. मग त्यांनी दुसरी लांब सुई औषधानं भरली आणि सरळ छातीत घातली. मी मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या बोटांत ठोके यायला लागले, आणि मला आनंद झाला, आणि मग कळलं की ते माझेच आहेत. घट्ट दाबलं की आपलंच बोट उडतं. मी पकड सैल केली. काही नाही. पुन्हा धरली. मग फार खोलवरून, विहिरीत कुणी दगड टाकावा तसा एक ठोका आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. गळ्यावरून लाली चढली. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "झालं काढून?"

डॉक्टर स्टुलावर बसले होते. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते म्हणाले, "मास्तर, सुईचं टोक हृदयाला लागलं असणार. त्याला आधीच निरोप पोचत नव्हते, त्यात मी धक्का दिला. निम्मंच पाणी निघालं. पण पुन्हा मी सुई घालणार नाही. मला धीर होत नाही." तुम्ही म्हणालात, "जा, तुम्हाला पास केलं." ते हसायचा प्रयत्न करत बाहेर गेले.

टांग्यातून घरी येताना तुम्ही मला ते सांगितलंत. "मी तिकडे असतो तेव्हा मला काही कळत नाही. म्हणजे मी परत येणार की नाही हे ठरवायचं काम तुमच्यावर पडतं. अण्णा चांगला माणूस आहे, पण घाईचा. एखाद्या दिवशी मी वाटेत असेन आणि तुम्ही मला उचलून न्याल." मी म्हणालो, असलं बोलू नका. "ऐक. मला भुईवर घेण्याआधी तू यायचंस. एका हातानं माझं मनगट धरायचं, दुसऱ्या हातात माळ. रामनामाची एक माळ पूर्ण होऊ द्यायची. सावकाश. मला ठाऊक आहे, प्रार्थनेत शेवटच्या ओळी तू गिळायचास. तोवर कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग तू ठरव." टांगेवाला म्हातारा मुसलमान होता. तो मागं न बघता म्हणाला, "मास्तरसाब, ऐसी बातां नक्को करो, घोडा सुनता." तुम्ही म्हणालात, "सुनने दे बाबा, उसकू बी एक दिन काम आयेगा." तुम्ही दोघं हसलात. मी तुमचा हात धरून शब्द दिला. त्या वेळी मला ते सोपं वाटलं. मनगट धरायचं, माळ ओढायची. दोन्ही मला येत होतं.

त्यानंतर तुम्ही थोडे दिवस बरे होतात. मग पाणी पुन्हा साठलं. मला बोलावणं आलं त्या दुपारी मी गोदामात गाठोड्यांमधे उभा होतो. मुकादम येऊन म्हणाला, "तुमच्या मास्तराकडनं माणूस आलाय." मी परवानगीसुद्धा मागितली नाही. आलो तेव्हा अण्णांनी सोप्यात भुई सारवून ठेवली होती, तिचा ओला वास घरभर होता. तुम्ही बाजेवर, उशांना टेकून, मान एका बाजूला. आक्का पायाशी बसल्या होत्या. "लई येळ झाला रं," अण्णा म्हणाले. "येवडा येळ कवाच लागला न्हवता. आता घिऊ या खाली." मी म्हणालो, नाही. मी बाजेच्या कडेला बसलो, मनगट धरलं, माळ काढली. पहिला मणी, राम. दुसरा मणी, राम. सावकाश. मधे कुठंतरी मला एक ठोका लागल्यासारखा वाटला, आणि तो माझ्या बोटाचा की तुमच्या मनगटाचा हे कळेना, म्हणून मी माळ पहिल्यापासून धरली. ती पूर्ण झाली. मी तुमच्या गळ्याकडे बघत होतो, लाली कुठून चढते ते मला माहीत होतं. मी आणखी एक माळ घेतली. अण्णा दारात येरझाऱ्या घालत होते. "अरं, ऊन उतराय लागलं. लाकडं आणायची हायती, वखारवाला दार लावतोय. हितं बसून का मास्तर उटणार हाय?" आक्का म्हणाल्या, "थांबू दे त्याला. दादांनी त्याला सांगितलंय." अण्णा म्हणाले, "मास्तरानी सांगितलं एक माळ. ही तिसरी हाय." पण तेही मग उंबऱ्यावर बसून राहिले, आणि थोड्या वेळानं मी पाहिलं तर त्यांचेही ओठ हलत होते.

मग डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. उठले, म्हणाले, "गेले." मी म्हणालो, "मानेतली शीर बघा." त्यांना राग आला नाही. ते पुन्हा वाकले, तुमची मान उजेडाकडे वळवली आणि पाहत राहिले. मग म्हणाले, "तीही नाही. सोडा आता हात." मी सोडला. बोटांच्या जागी तुमच्या मनगटावर पांढरे खळगे पडले होते, ते भरून आले नाहीत. अण्णांनी आणि मी तुम्हाला खाली घेतलं. मी दिलेला शब्द पाळला, मास्तर. त्यात काही कमी केलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे.

आणि तरीही. तिन्हीसांजेला आम्ही तुम्हाला घेऊन गेलो. आक्कांच्या दिराच्या मुलानं अग्नी दिला. लाकडं कोरडी होती, लगेच धरली. आणि चेहऱ्यावर लाकडं पूर्ण रचण्याच्या आधीच की काय, की फटीतून, कसं ते आता सांगता येत नाही, पण मला तुमचा चेहरा दिसला, आणि तो लाल होता. गळ्यापासून वर, हनुवटी, गाल, कपाळ. ज्वाळांचा उजेड होता तो. मला कळतं. तेव्हाही कळत होतं. पण माझा पाय पुढं पडला, आणि अण्णांनी मागून माझा दंड धरला. धरलेला हात कवटी फुटल्याचा आवाज होईपर्यंत सोडला नाही. परत येताना ते एवढंच म्हणाले, "मलाबी वाटलं." त्यानंतर आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही, कालपर्यंत नाही, आणि कालही नाही. स्वप्नात तुम्ही मला क्वचितच दिसता. दिसता ते दिवसा, जाग्या डोळ्यांना. आक्का होत्या तोवर त्यांच्या चुलीपुढं, लोहाराच्या भात्याशी, गिरणीच्या बॉयलरजवळून जाताना कुणा अनोळखी माणसाचा चेहरा उजळला की.

मागं नवी पेठेत डॉक्टर भेटले होते. केस पिकलेत, सायकल गेली, मोटार आली. मला दुकानाच्या पायरीवर बसवून त्यांनी सांगितलं की इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं, जर्मनीत कुणा तरुण डॉक्टरानं स्वतःच्या दंडातल्या शिरेतून बारीक नळी सरकवत सरकवत थेट हृदयात नेली आणि तसाच चालत जाऊन आतला फोटो काढून घेतला. त्यांचे डोळे चमकत होते. "उद्या याच वाटेनं काय काय करतील, बघा तुम्ही. कदाचित पट्टासुद्धा." मला एकच सुचलं. मी विचारलं, त्याची नाडी कुणी धरली होती? डॉक्टरांचा चेहरा उतरला. ती खोली त्यांनाही आठवली असावी. "ते लिहिलेलं नव्हतं," म्हणाले.

तुमच्यानंतर पेठेत एक रीत पडली. मी पाडली नाही, अण्णांनी पाडली. कुणाचा श्वास थांबला की भुईवर घेण्याआधी मला बोलावतात. "मास्तरांचा मानूस आला का बगा," असं अण्णा म्हणायचे, आणि मी येईपर्यंत शेणाला हात लावू द्यायचे नाहीत. विणकराच्या घरी, सोनाराच्या घरी, जिथं मला एरवी ओट्याच्या आत कुणी घेतलं नसतं तिथंही, मी जाऊन बसतो. मनगट धरतो, माळ ओढतो. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत असतं. माळ संपली की मी मान हलवतो, आणि मगच बायका रडायला लागतात. कुणीही परत आलं नाही. पण लोकांना त्यातून काहीतरी मिळतं. आपलं माणूस आपण घाईनं काढलं नाही, एवढं तरी.

काल अण्णांनी मला तेच मागितलं. जाताना त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "तू मान हलीवलीस म्हंजी खरं. मग माजी काय हरकत न्हाय." हे कागद त्यांना वाचून दाखवावेत असं सकाळी माझ्या मनात आलं होतं. तेवढंच बरं वाटेल, आम्हा दोघांपैकी एकानं तरी त्या लालीविषयी बोलल्यासारखं होईल. पण ते नको. त्यांना माझ्याकडून हवी आहे ती खात्री या कागदांत नाही, आणि तुम्हाला तर कुठं पाठवणार. म्हणून तुमच्यापुरतंच सांगतो. माळ संपते तेव्हा माझ्या बोटाखाली काहीतरी उडतच असतं, मास्तर, दर वेळी. ते माझंच असावं असं मी धरून चालतो. मान हलवतो तेव्हा मला काही कळलेलं नसतं. समोरची माणसं दमलेली असतात, म्हणून हलवतो.